चारा घालण्यापूर्वी



पांजरपोळास चारा देणे हे जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पुण्यकर्म होय. परंतु दशवैकालिक सूत्राने दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे, आणि गव्हाणीपाशी त्याचा अर्थ अगदी शब्दशः लागतो. मुके जनावर विश्वासाने पुढे येते. त्याच्यापुढे काय टाकले जात आहे, हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याची.

सर्वांत फसवी ठरते ती ज्वारी. कडबा तर महाराष्ट्रातील जनावरांचा नेहमीचा आधार! दोष कडब्याचा नाही, कोवळ्या पोंग्यांचा आहे. गुडघाभर वाढण्यापूर्वीच्या, पावसाचा ताण पडलेल्या किंवा कापणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य अधिक असते. पोटात गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीरातील पेशींना तो वापरता येत नाही. रक्त लालभडक दिसते, आणि जनावर मात्र गुदमरून पाहता पाहता कोसळते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांची इंजेक्शने पशुवैद्याकडून वेळेवर मिळाल्यास जीव वाचू शकतो. परंतु तेवढा अवधी पुष्कळदा मिळत नाही. म्हणून ज्वारी फुलोऱ्यानंतर कापलेलीच घ्यावी. एखाद्या दात्याने दुष्काळात सुकत चाललेले कोवळे पीक गाडीभर पाठविले, तर आभार मानून ते बाजूस ठेवावे. त्यात दात्याचा अवमान नाही.

मंदिराच्या आवारात शोभेसाठी लावलेल्या कण्हेरीचे पान, फूल, खोड सारेच विषारी. वाळल्यावरही ते विष जात नाही, आणि त्याचा घाव हृदयावर होतो. छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे टाकणारा माळी हे जाणत नसतो. घाणेरीला जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. टंचाईत मात्र खातात. मग यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. यास्तव भुकेलेले नवे जनावर येताच त्यास प्रथम पाणी व वाळला चारा द्यावा, मगच रानात सोडावे.

शेवगा, हादगा, तुती यांचा पाला निर्धास्त द्यावा. सुबाभळीचा पाला पौष्टिक खरा, पण त्यातील मिमोसीनमुळे केस गळतात. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून तो कमीच असावा.

अलीकडे घरोघरी कुत्री-मांजरे पाळली जातात. पुष्पगुच्छातील लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूणही या प्राण्यांना अपायकारक. जैन स्वयंपाकघरात तो धोका मुळातच नाही! परंतु शिऱ्यातील बेदाणे असतात, आणि द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकतात. मुलांच्या हातून प्रेमाने दिला जाणारा घास याच जातीचा असतो.

विषबाधेची शंका येताच काढे पाजीत बसू नये. जनावराने खाल्लेल्या झाडाची डहाळी जपून ठेवावी, ती पशुवैद्यास दाखवावी, आणि उरलेला चारा तत्काळ गव्हाणीतून काढावा.