प्रश्न विचारायचा, पण चित्रात

आज जरा खास आमच्या धंद्यातला विषय आहे. हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तरी चालेल, फक्त डोक्यात दोन चौकोन आणि एक बाण काढायची तयारी ठेवा.

मॉडेल-ड्रिव्हन इंजिनिअरिंग, म्हणजे आधी सिस्टिमचं मॉडेल काढायचं, ते तपासायचं आणि मग त्यातून कोड तयार करायचा. मॉडेल लहान असेल तर नजरेनेच कळतं. पण शेकडो चौकोन आणि त्याच्या दुप्पट बाण झाले की मॉडेललाच प्रश्न विचारावे लागतात, डेटाबेसला विचारतो तसे. त्यासाठी बरीच वर्षं ओसीएल नावाची भाषा आहे. १९९७ साली यूएमएलबरोबर ती स्टँडर्डमध्ये आली. आणि ही गंमत मला कॉलेजपासून खटकते, की मॉडेल चित्रात आणि त्याला विचारायचा प्रश्न मात्र कंसांच्या जंगलात!

आता माझीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बर्नर कंट्रोलरच्या मॉडेलवर होतो. नियम साधा होता. कुठल्याही अवस्थेत असताना ज्योत विझली, तर सिस्टिमने थेट 'सुरक्षित बंद'ला जायचं. नाहीतर इंधन येत राहतं आणि आग नसते, पुढचं मी सांगायला नको. मी ओसीएलमध्ये क्वेरी लिहिली: प्रत्येक अवस्थेतून 'ज्योत विझली' असं लिहिलेले जेवढे बाण निघतात, ते सगळे 'सुरक्षित बंद'कडे जातात का? उत्तर आलं, एकही चूक नाही. मी खूश.

रिव्ह्यूला एक सर होते, बॉयलरमध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू लिहिलंयस तर बरोबरच असेल रे."

नव्हतं ना बरोबर! 'वॉर्म-अप' अवस्थेतून तसा बाणच काढलेला नव्हता. आणि 'सगळे बाण बरोबर आहेत का' हे जिथे बाणच नाहीत तिथे विचारलं, तर लॉजिक शांतपणे 'हो' म्हणतं. रिकाम्या वर्गात 'सगळे पास' म्हटल्यासारखं. टेस्ट बेंचवर ते सापडलं, नशीब. सर मला ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "मला वाचता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून शोधायला लागलो. कल्पना जुनीच निघाली. आयबीएममध्ये मोशे झ्लूफ यांनी १९७५च्या सुमारास 'क्वेरी बाय एग्झाम्पल' मांडलं होतं. रिकामा तक्ता दाखवायचा, हवं त्याचा नमुना त्यात भरायचा, बाकी मशीन शोधेल. मॉडेलच्या जगात हाराल्ड स्ट्यॉर्ल यांनी डेन्मार्कमध्ये हेच व्हीएमक्यूएल नावाने केलं. ज्या भाषेत मॉडेल काढता त्याच भाषेत प्रश्नाचा तुकडा काढा, आणि चित्रात बसत नाही ते कॉमेंटच्या चौकटीत लिहा. नवी चिन्हं शिकायला नकोत, मला हा भाग फार आवडला.

मग मी व्हाइटबोर्डवर तोच प्रश्न काढला. एक चौकोन, 'कुठलीही अवस्था'. दुसरा, 'सुरक्षित बंद'. मध्ये बाण, आणि त्यावर फुली. सर लगेच म्हणाले, "हां, म्हणजे वाटच नाही अशा जागा शोधायच्या." मित्र म्हणाला, "नाही, म्हणजे वाट आहे पण भलतीकडे जाते!" घ्या! फुली बाणावर आहे की टोकाच्या चौकोनावर, यावर अर्थ बदलतो. 'आहे' हे चित्र झकास सांगतं. 'नाही' आणि 'प्रत्येक' म्हटलं की चित्र अडखळतं. शेवटी दोन वेगळी चित्रं काढली, आणि तेव्हा लक्षात आलं की माझी मूळ क्वेरी त्यातलं दुसरंच पकडत होती. पहिला प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

चित्राचे त्रासही खूप आहेत, लपवत नाही. गिटमध्ये दोन चित्रांतला फरक वाचून बघा, डोकं फिरतं. अटी तीन-चारच्या वर गेल्या की पाटीवर माशा बसल्यासारखं दिसतं. आणि स्ट्यॉर्ल यांनीच २०१३ मध्ये एमओसीक्यूएल नावाची एक लिखित भाषाही मांडली. प्रयोगात लोकांना ती ओसीएलपेक्षा सोपी गेली, डोक्यावर ताणही कमी आला. म्हणजे 'लिहिलेलं वाईट, काढलेलं चांगलं' असा सरळ हिशोब नाहीये. ओसीएलचा कंसांचा हट्ट हाही एक आजार आहेच.

सध्या आमच्याकडे मशीनवर ओसीएलच चालतं. पण सुरक्षेच्या प्रत्येक नियमासोबत फळ्यावरच्या चित्राचा फोटो जोडायचा, आणि त्यावर सही कोडवाल्याने नाही, बॉयलरवाल्याने करायची. परवा सरांनी एक परत पाठवला. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'फुली कुठे ते नीट दाखव.'