संगणकाला लागलेली कीड



पूर्वी खेड्यात घरोघर धान्याची कणगी असे. पावसाळ्यात एखाद्या दिवशी घरातली म्हातारी कणगीत हात घाली आणि मूठभर ज्वारीबरोबर चार सोंडे तिच्या हातावर चालू लागत. म्हातारी आरडाओरडा करीत नसे. धान्य बाहेर काढी, चाळी, पाखडी, ऊन पडताच उन्हात घाली. पण धान्य परत भरण्याआधी ती कणगीही आतून झाडून, शेणामातीने लिंपून, वाळवून घेई. कीड नुसती दाण्यात नसते, कणगीच्या भेगांतही असते, हे तिला ठाऊक होते. आज मला बोलायचे आहे ते संगणकाला लागणाऱ्या किडीविषयी. त्या म्हातारीच्या शहाणपणापलीकडे मला फारसे काही सांगायचे नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आडबाजूच्या शाळेवर शिक्षक आहे. त्याने मुलांकरवी गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून शाळेच्या संगणकात ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोघी आज हयात नाहीत. एके सकाळी पेन ड्राइव्ह लावला, तर त्यातल्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले. दाबले तर भलतेच काही उघडे. गुरुजी घाबरले. संगणक उचलून तालुक्याला नेला. दुकानदार म्हणाला, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल." त्याने मारला. संगणक लख्ख झाला आणि त्यातले सारे गेले. शाळेत येऊन गुरुजींनी तोच पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. दुपारपर्यंत कीड परत हजर! धान्य फेकून दिले आणि कणगी तशीच ठेवली, असा हा प्रकार झाला.

ही कीड म्हणजे काय? किडा नव्हे, जंतूही नव्हे. कुणा माणसाने लिहिलेला तो एक कार्यक्रम असतो. फक्त तो आपल्या नकळत चालतो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून गावोगाव फिरला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! पुढचे लोक इतके भोळे राहिले नाहीत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची कीड जगभर पसरली. ती फायलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडातल्या कित्येक इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून ती शिरली, ते बुजवण्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देऊन ठेवली होती. ज्यांनी ती वेळेवर लावली नाही, त्यांच्या घरात चोर शिरला.

आता उपाय. यात क्रम महत्त्वाचा, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, संगणक इंटरनेटपासून तोडा. तार काढा, वायफाय बंद करा. त्या यंत्रावर बँकेचा किंवा कसलाही पासवर्ड टाइप करू नका.

दुसरी, कामाचे कागद आधी वाचवा. लेख, तक्ते, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे एका वेगळ्या डिस्कवर उतरवा. कार्यक्रम उतरवू नका. ही डिस्कही संशयितच समजा आणि तपासल्यावाचून दुसऱ्या यंत्रात उघडू नका.

तिसरी, तपासणी. विंडोजमध्ये डिफेंडर हा रखवालदार असतोच. त्याच्या 'ऑफलाइन स्कॅन'मध्ये संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्याआधीच झडती होते. कीड झोपेत सापडते म्हणा ना! मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर'ही फुकट मिळतो. तो दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर उतरवून नव्या पेन ड्राइव्हवरून आणावा. मात्र उतरवलेली प्रत दहा दिवसच चालते. झडती घेऊ देत नसेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' करा आणि पुढच्या पर्यायांतून 'सेफ मोड' निवडा. त्यात अगदी गरजेपुरतेच कार्यक्रम सुरू होतात. कीड बहुधा निजलेली राहते.

चौथी गोष्ट, कणगीच्या भेगा! शाळेतला एकूण एक पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि दुसरे संगणक तपासा. शॉर्टकटवर दाबू नका. आधी डिफेंडरकडून पेन ड्राइव्ह साफ करा. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या फायली दाखवण्याची खूण करा. तरी दिसल्या नाहीत, तर 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन संरक्षित फायली लपवण्याची खूण तेवढ्यापुरती काढा. पुष्कळदा ही कीड फायली खात नाही, नुसती लपवते. आमच्या गुरुजींच्या निम्म्याअधिक ओव्या त्याच पेन ड्राइव्हवर लपलेल्या सापडल्या. संगणकातल्या बाकीच्या मात्र फॉरमॅटबरोबर गेल्या त्या गेल्याच.

हे सारे करूनही त्रास उरला, तर विंडोज नव्याने घालावे लागते. फॉरमॅट वाईट नाही. तो पहिला उपाय नव्हे, शेवटचा आहे. शेवटी, स्वच्छ यंत्रावरून सगळे पासवर्ड बदला.

फायलींना कुलूप लावून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. दिल्याने किल्ली मिळेलच असे नाही. 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आणि पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरावर फोन करा" असे झळकले, तर तो फोन करू नका. ते सोंग आहे. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

शेवटी पुढच्या हंगामाचे. कणगीत कडुनिंबाचा पाला घालतात, तशी विंडोजची डागडुजी वेळच्या वेळी होऊ द्या. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही ध्यानात असू द्या. चोरीच्या प्रतीचे विंडोज आणि फुकटात 'क्रॅक' केलेले कार्यक्रम घालू नका. कीड बहुधा त्याच पोत्यातून येते. आणि आपली आजी बियाणे नेहमी वेगळ्या मडक्यात राखेत घालून ठेवी, ते विसरू नका. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. सदा जोडलेल्या डिस्कलाही तीच कीड लागते.

आणखी एक. गुरुजींनी ही गोष्ट आठ दिवस कुणाला सांगितली नाही. लोक हसतील म्हणून. त्या आठ दिवसांत तोच पेन ड्राइव्ह आणखी दोन शाळांत फिरला. कीड लागण्यात लाज नाही, श्रोतेहो. शेजाऱ्याच्या कणगीला ती लागू देण्यात आहे.