एक किलो दीडशे ग्रॅम
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



टेबलावर ठेवलेली तलवार आपल्या बॅचच्या वर्गणीतून झाली आहे, म्हणून तिचा हिशेब द्यायला मी उभी आहे. पैशांचा हिशेब खजिनदार देतील. मी पोलादाचा देते.

इतिहासाच्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "काचेआडची तलवार मुलं दोन मिनिटं बघतात आणि पुढे जातात. हातात देता येईल अशी एक करा." संग्रहालयातली एक फिरंग आम्ही निवडली. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची मराठा तलवार. सतराव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनसारख्या गावांतून पाती जहाजाने यायची आणि त्यांना इथली मूठ बसायची. मूठ बसवायची पद्धत सोपी होती. पात्याचं आखूड शेपूट मुठीत घालायचं आणि वितळलेली लाख-राळ ओतायची. पुन्हा तापवलं की मूठ सुटते. एकाच पात्याला दोन-तीन पिढ्यांत वेगवेगळ्या मुठी बसल्या, त्या अशा.

परवानगी मिळाल्यावर मी व्हर्निअर घेऊन बसले आणि दर पाच सेंटिमीटरला जाडी मोजली. मुठीजवळ ५ मिलिमीटर, टोकाकडे जेमतेम २. मूठ धरून संपूर्ण तलवारीचं वजन १,१५० ग्रॅम. हा आकडा मी गटावर टाकला आणि तुम्हा सगळ्यांना आठवत असेल काय झालं ते! "एवढीशी? दहा किलोची तरी हवी." कुणी तर मणाची भाषा केली.

आता गणित बघा. ९२ सेंटिमीटर लांब, साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि सगळीकडे ५ मिलिमीटर जाड अशी नुसती पट्टी घेतली, तर तिचंच वजन सव्वा किलो भरतं. बाजारातल्या शोभेच्या तलवारी अशाच असतात, म्हणून त्या हातात कुदळीसारख्या वाटतात. खऱ्या पात्याची जाडी टोकाकडे उतरत जाते, त्यामुळे तोल मुठीजवळ येतो आणि मनगट न दुखता हात फिरतो. पात्यावरची खोलगट पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, असं आपण शाळेत छातीठोकपणे सांगायचो. ती असते वजन कमी करून ताठपणा राखायला. दहा किलोची तलवार घेऊन दिवसभर घोड्यावर लढणारा माणूस मला तरी कल्पनेत उभा करता येत नाही. वजन खोटं वाढवून त्या माणसांचं शौर्य वाढतं, हे मला कधीच पटलेलं नाही.

पातं घडवलं लोहारआळीतल्या काकांनी, ट्रकच्या कमानपाट्यातून. पाणी देताना तापमान किती हवं, यावर आमची जुगलबंदी चालायची. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटेनासं होतं, म्हणून मी लांब दांड्याला चुंबक बांधून आणला होता. काका भट्टीकडे बघून, रंगावरून "आता" म्हणायचे. दोघांचं उत्तर एकच यायचं. तेलात बुडवल्यावर पातं किंचित वाकलं, तेव्हा माझा संगणक काही कामाचा नव्हता. काकांनी ते गरम असतानाच लाकडाच्या दोन ठोकळ्यांत दाबून सरळ केलं. त्यांच्यामागे ही भट्टी कोणी चालवणार नाही. म्हणून त्या दिवसाचं चित्रीकरण शाळेच्या ग्रंथालयात दिलं आहे.

एका गोष्टीवर मी अडून बसले, आणि काही जण अजून नाराज आहेत. मुठीच्या आतल्या बाजूला "प्रतिकृती" हा शब्द आणि यंदाचं साल कोरलं आहे. शोभा जाते, हे मान्य. पण पन्नास वर्षांनी लाख काळी पडेल, पात्यावर गंज चढेल आणि कुणीतरी ही "अस्सल" म्हणून विकायला काढेल. जुन्या बाजारात असं रोज होतं.

धार मुद्दाम लावलेली नाही. भाषणं संपली की एकेकाने उचलून बघा, आधी दहा किलो मागणाऱ्यांनी. आणि हात लागलेलं पातं परत ठेवताना तेलाच्या फडक्याने पुसा. फडकं टेबलाखालच्या डब्यात आहे.