पाय वाचविणारा वेळ



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्र माझा विषय नव्हे. तथापि अपघातात कर्त्या पुरुषाचा पाय चिरडला म्हणजे सारे कुटुंबच पंगू होते, हे आपण जाणतोच.

अशा वेळी पाय वाचवावा की कापावा? मुख्य रक्तवाहिनी शाबूत असलेल्या गंभीर उघड्या अस्थिभंगासाठी कोईम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील शल्यविशारदांनी २००६ साली एक गुणांकन-पद्धती प्रसिद्ध केली. त्वचा, हाड व स्नायू यांच्या हानीस प्रत्येकी १ ते ५ गुण द्यावयाचे. बेरीज १४ पर्यंत असल्यास पाय वाचविण्याचा प्रयत्न करावा. १७ वा त्याहून अधिक झाल्यास विच्छेदनाकडे कल. जखमेच्या शस्त्रक्रियेस १२ तासांहून अधिक विलंब झाला, तर आणखी २ गुण. म्हणजे निव्वळ विलंबाने १४ चे १६ होतात आणि रुग्ण संशयाच्या सीमेवर जातो. व्याजाचा असा हिशेब आम्हा व्यापाऱ्यांस चटकन उमगतो!

म्हणूनच अस्थिशल्यविशारद, प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ व रक्तपेढी अहोरात्र एकत्र सज्ज असणारे ट्रॉमा सेंटर महत्त्वाचे. आपल्या गावापासून असे केंद्र कोठे आहे, याची माहिती प्रत्येक घराने आजच करून घ्यावी, ही नम्र विनंती.