विहिरीतले तणनाशक आणि हिराकसाचा उतारा

(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कोल्हापुरात पाण्याचा विषय निघाला की पंचगंगा आलीच. कोल्हापूर शहराने 2023 साली काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने आणून आपली सोय पाहिली. तुम्ही कापूस-ज्वारीवाले म्हणाल, नदीकाठच्या ऊसवाल्यांचे दुखणे आमच्या गळ्यात कशाला? कारण असे की उसात मारतात तेच ॲट्राझिन ज्वारीतही मारतात. आणि तुमच्याकडे नदी नाही, विहीर आहे. नदी पावसाळ्यात धुऊन निघते. विहिरीत मुरलेले तिथेच मुक्काम करते.

आम्ही कृषी पदवी घेतली तेव्हा तणनाशकाचे डोस तोंडपाठ होते. ते औषध पुढे कुठे जाते, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. आज हिशेब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (2012) ॲट्राझिनची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे 1 ग्रॅम असली औषध 5 लाख लिटर पाणी मर्यादेवर नेऊन ठेवते. एकरी 400 ग्रॅम असली औषध 200 लिटर पाण्यात मिसळले, तर पंपाच्या तळाशी उरलेल्या 100 मिलीत 1 लाख लिटरची सोय होते. तो पंप आपण विहिरीच्या काठावरच विसळतो!

आता उतारा. तुरटीने ॲट्राझिन जात नाही. टीसीएल पावडरनेही नाही. उकळले तर पाणी आटते, औषध मागे राहते. ते मोडायला जबर ताकद लागते. 1894 साली फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की लोखंडाचा क्षार, म्हणजे आपला हिराकस, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की सहज न जळणारे पदार्थही जळतात. या दोघांतून क्षणभर जगणारा एक कण निघतो, हायड्रॉक्सिल त्याचे नाव. समोर येईल त्याचे लचके तोडतो. ॲट्राझिनच्या बाजूच्या फांद्या आधी तुटतात, मधले कडे मात्र चिवट असते. म्हणून ‘ॲट्राझिन शून्य’ असा दाखला कोणी दिला तर त्याची तुटकी पिलावळ मोजली का, हे विचारा.

मग हे विहिरीत टाकायचे का? मुळीच नाही. फेंटनची क्रिया चिंचेच्या कोळाइतक्या आंबट पाण्यात नीट चालते. नंतर चुना घालून आंबटपणा मारावा लागतो, आणि तळाला लोखंडाचा गाळ बसतो. शिवाय काळ्या रानातले जड पाणी, त्यातले बायकार्बोनेटच तो कण आधी खाऊन टाकतात. कोणी गावात पुड्या विकायला आला तर चहा पाजा आणि रवाना करा.

हे काम नळयोजनेच्या केंद्राचे. हॉलंडमध्ये आंदाइक येथे 2004 पासून अतिनील दिवे आणि पेरॉक्साइड वापरून हजारो घरांचे पाणी असे शुद्ध केले जाते. वीज लागते, पैसा लागतो, जाणकार माणूस लागतो. त्याच साली युरोपीय संघाने ॲट्राझिन बाजारातून काढायचे ठरवले, कारण ते जमिनीखालच्या पाण्यात सापडत राहिले. आपल्या सरकारनेही 2020 साली 27 औषधांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिन होते. बंदी हा सोपा कागद आहे. निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून ज्याने औषध मारले, त्याच्या मजुरीचा हिशेब त्या कागदावर कुठेच नसतो. पाणी नासवल्याचे पाप मात्र त्याच्याच नावे लिहिले जाते.

आमची मागणी साधी आहे. गावच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत जंतू, नायट्रेट, फ्लोराइड पाहतात; तणनाशक पाहत नाहीत. ज्वारी-उसाच्या पट्ट्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरींचे नमुने सरकारी खर्चाने ॲट्राझिनसाठी तपासावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. तोवर पंप विसळलेले पाणी त्याच रानात फवारून संपवा, विहिरीपासून लांब. दोन ओळींतले तण कोळप्याने काढून औषध फक्त ओळीवर पट्ट्यात मारले तर निम्म्याहून कमी लागते. ठरावाचा मसुदा तालुका प्रतिनिधींकडे दिला आहे, ग्रामसभेत तो वाचून घ्या.