लखनौचे चिकनकाम आणि न मोजलेले तास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'हस्तकला आणि समाजवाद'. एवढा रुंद विषय मिळाला की वक्त्याची सोय होते आणि श्रोत्यांची गैरसोय. म्हणून मी तो अरुंद करून घेतला आहे. आज मी फक्त लखनौच्या चिकनकामाविषयी, म्हणजे तिथल्या भरतकामाविषयी, बोलणार आहे. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी आयुष्यभर राष्ट्रीय उत्पन्न, मजुरी, किंमत हे शब्द फळ्यावर लिहिले. पण घरात बसून दुसऱ्यासाठी टाके घालणारी बाई माझ्या टिपणांत कधी आली असेलच तर ती तळटीपेत. ती उणीव भरून काढण्याचा हा उशिराचा प्रयत्न समजा.

प्रथम कलेविषयी. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याने केलेले भरतकाम ही चिकनची जुनी ओळख. आज ते रंगीत कापडावर, जॉर्जेटवर आणि शिफॉनवरही होते. त्यातली टेपची म्हणजे आपला साधा धावदोरा. बखिया हा टाका बहुधा कापडाच्या उलट बाजूने घालतात; दोऱ्याचे जाळे मागे राहते आणि सुलट बाजूला पानाफुलांची नुसती सावली उमटते. (आपल्या शिवणकामातील बखियेशी याची गल्लत करू नये.) मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी उठून दिसते, फंदा बाजरीच्या दाण्याएवढा गोल. आणि जाळी! तिच्यात कापडाचा एकही धागा काढून टाकलेला नसतो. उभे-आडवे धागे सुईने बाजूला सारून, टाक्यांनी ताणून बांधून ती भोके तयार केलेली असतात. मलमल फाटू न देता हे करायला बोटांत किती वर्षांचा सराव लागत असेल, ते स्वतः सुई धरून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी धरून पाहिली. दहा मिनिटांत कापड आणि अब्रू दोन्ही गेली.

या कलेचा इतिहास सांगताना नूरजहानचे नाव हटकून घेतात. तिने ती हिंदुस्थानात रुजवली ही आख्यायिका आहे. तिला पक्का आधार नाही. अवधच्या नवाबी दरबारात चिकनला मोठा आश्रय मिळाला, एवढे खरे. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले, पुढल्याच वर्षी उठाव झाला, आणि तो आश्रय कोसळला. इंग्रज अधिकारी विल्यम होई याने १८८० मध्ये लखनौच्या व्यापारधंद्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तोवर हा धंदा दरबाराकडून बाजाराकडे वळला होता. या स्थित्यंतराची एक बाजू आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पूर्वी उत्तम कामाचे नामांकित कारागीर बहुतांशी पुरुष होते. बाजार वाढला, स्वस्त मालाची मागणी वाढली, तसतसे काम पडद्यातल्या गरीब स्त्रियांच्या हाती गेले; त्यांतल्या बहुसंख्य मुसलमान. पुरुष उस्तादाचा 'हुन्नर' बाईच्या हाती आला आणि त्याला 'फुरसतीचे काम' म्हणू लागले. काम तेच राहिले, करणारा बदलला आणि दर उतरला.

आता उत्पादनाची साखळी पाहा. व्यापारी कापड आणतो. शिंपी ते आधी बेतून कापतो. छीपी लाकडी ठशांनी त्यावर धुऊन जाणाऱ्या रंगाची नक्षी उमटवतो. मग दलाल त्याची गाठोडी बांधून शहरातल्या मोहल्ल्यांत, काकोरी-मलिहाबादकडच्या खेड्यांत घरोघर वाटतो. एकाच कुर्त्यावरची बखिया एकीने, मुर्री दुसरीने, जाळी तिसरीने करावी, असेही चालते. काम परत आले की धोबी, इस्त्री आणि दुकान. या सगळ्या वाटेत पूर्ण कुर्ता कुणाला दिसतो? व्यापाऱ्याला. भरतकाम करणाऱ्या बाईला पुढचे घर माहीत नसते आणि गिऱ्हाईक तर मुळीच नाही. भांडवल तिचे नाही, कापड तिचे नाही, नक्षीही तिची नाही. तिचे आहेत ते डोळे आणि बोटे. डाग पडला, उशीर झाला, टाका विरळ झाला, तर मजुरीला कात्री लागते; आणि ती किती लावायची हे मजुरी देणाराच ठरवतो.

काही वर्षांपूर्वी लखनौला गेलो असता चौकामागच्या एका गल्लीत अशाच एका घरी जाण्याचा योग आला. बाजी साठीच्या आसपासच्या. मी विचारले, या कुर्त्याला किती तास लागतात? त्या हसल्या. म्हणाल्या, "प्रोफेसरसाहेब, रुपये किती ते सगळे विचारतात, तास आजवर कुणी विचारले नाहीत." मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला: फजरच्या नमाजानंतर इतका वेळ, स्वयंपाक आटोपल्यावर इतका, दिव्याखाली डोळे साथ देतील तोवर इतका. आठ तासांचा दिवस धरून भागाकार केला, तर जी मजुरी आली ती शेतमजुराच्या निम्मीही भरेना. एका घरचा हिशेब म्हणजे आकडेवारी नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे आणि आपल्यालाही सांगतो. पण त्या भागाकाराने बाजींचा चेहरा बदलला. तोवर आपल्याला नगामागे 'काहीतरी मिळते' असे त्या म्हणत होत्या, त्यानंतर म्हणाल्या, "म्हणजे इतके कमी मिळते."

मित्रहो, माझे सांगणे एवढ्याच जागी उभे आहे. नगावरची मजुरी, तिच्यामागचे तास मोजलेले नसतील तर, मजुरीच राहत नाही. ती केवळ किंमत होते, आणि किंमत ठरवणारा नेहमी बलवान पक्ष असतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने हे ओळखले होते. त्यातील कामगाराच्या व्याख्येत, माल घरी नेऊन तो बनवणारा, धुणारा, सजवणारा अशा बाहेर काम करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख होता. सजवणारा! म्हणजे भरतकाम करणारी बाई १९४८ पासून कायद्याने कामगार होती. अंमलबजावणीला तिचे घर सापडले नाही, एवढेच. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या व्याख्येतून हा उल्लेखच गेला आहे. घरी काम करणाऱ्यांची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, वेतनाच्या संहितेत नाही. म्हणजे बाईला योजना मिळू शकेल, मजुरीचा हक्क मात्र भांडून सिद्ध करावा लागेल. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

'घरात कोण काय करते ते मोजणार कसे?' असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर आपल्या सोलापुरात आणि सिन्नरला मिळेल. विडी वळणारी बाईही घरीच बसते. पण १९६६ च्या विडी कामगार कायद्याने तिला कामगार मानले. कच्चा माल किती दिला, विड्या नापास का केल्या, नापास विड्यांचे पैसे का कापले, या तंट्यांचा निवाडा करण्याची तरतूद केली. कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा कायदा वैध ठरवला. तो कायदा कागदावरून घरात आला तो संघटनांमुळे, हे सोलापूरकरांना मी काय सांगावे? हे जे विडीला मिळाले ते सुईला मिळाले नाही, कारण सुईला आपण सर्वांनी कला म्हटले.

आणि 'आपण'मध्ये चळवळही आली. गिरणीच्या दरवाजातून आत जातो तो कामगार, अशी आपली कल्पना दीर्घकाळ होती. खरे तर मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्याच खंडात घरी बसून लेस करणाऱ्या इंग्रज बायकामुलींच्या हालांवर विस्ताराने लिहिले आहे. ती पाने आपण घाईने उलटली असावीत. मारिया मीस या जर्मन विदुषीने आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या बायका 'गृहिणी' समजल्या गेल्यामुळेच इतक्या स्वस्त पडतात, हे तिने दाखवले. १९८६ मध्ये मुझफ्फर अली यांनी 'अंजुमन' हा चित्रपट याच चिकनकामगार स्त्रियांच्या लढ्यावर काढला. त्याआधी १९८४ मध्ये लखनौत 'सेवा' ही संस्था उभी राहिली. दलालाला वगळून बायकांना थेट काम द्यायचे, आणि मोडीत निघालेले बारीक टाके पुन्हा शिकवायचे, असा तिचा मार्ग. त्याच्या मर्यादा आहेत. एका संस्थेच्या दुकानात सगळ्या लखनौची मजुरी मावणार नाही. पण बाईने पूर्ण झालेला कुर्ता पाहिला, तो केवढ्याला विकला गेला तेही पाहिले, हे मी लहान समजत नाही.

२००८ मध्ये लखनौ चिकनला भौगोलिक निर्देशांक मिळाला. चांगले झाले. यंत्रावरचे भरतकाम 'चिकन' म्हणून सर्रास खपवले जाते, त्याला निदान कायद्याने हरकत घेता येते. मात्र या नोंदणीने नावाचे रक्षण होते. ते टाके घालणाऱ्या हाताला काय द्यावे याविषयी ती काही बोलत नाही.

आता आपल्या गावाचे. इथे चिकन होत नाही, पण साड्यांना गोंडे करणे, खडे चिकटवणे, तयार कपड्यांना काजे-बटणे लावणे ही कामे गाठोड्यांनी घरोघर जातात, आणि दर कोण ठरवतो ते आपण जाणताच. मोर्चाआधी एक साधे काम करावे असे मी सुचवतो: दोन गल्ल्या निवडून, पन्नास घरांत एकेक वही द्यावी. काम केव्हा धरले, केव्हा सोडले, नग किती, पैसे किती, कापले किती, एवढेच त्या बाईने किंवा तिच्या शाळकरी मुलीने लिहावे. तीन महिन्यांच्या वह्या जमल्या की बेरीज-भागाकार मी करून देईन; त्यासाठी घरोघर यायचीही माझी तयारी आहे. जिने असतील तिथे मात्र तरुणांपैकी कुणीतरी पुढे व्हावे.