यंत्राचा वाद आणि वादाची सभ्यता

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९९१ हे साल भारतात नव्या आर्थिक धोरणाचे साल म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी आणखी दोन घटना घडल्या आणि दोन्हींचा पुण्याच्या पुढील आयुष्याशी संबंध आला. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. आणि दूर फिनलंडमध्ये, हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ ही संगणकाची कार्यप्रणाली लिहून ती सर्वांसाठी खुली केली. कोणीही ती घ्यावी, वाचावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा सर्वांना द्यावी, असा तिचा परवाना. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून एकजात लिनक्सवर चालतात. खिशातील बहुसंख्य मोबाइल संचांच्या मुळाशीही तीच आहे.

समाजवादी विचाराच्या माणसाला या दुसऱ्या घटनेचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविक आहे. खासगी मालकीशिवाय आणि तत्काळ मोबदल्याच्या आशेशिवाय हजारो माणसांनी मिळून एवढे मोठे उत्पादन करून दाखवावे, हे अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात सहज बसणारे नाही. आज त्यातील बरेचसे काम मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात, हे खरे. परंतु निर्माण होणारी वस्तू अजूनही सर्वांची आहे.

पण वस्तू सर्वांची असली म्हणजे ती घडविणारी सभा सर्वांची असते काय? या सामायिक कारखान्यात अनेक वर्षे एक रीत रूढ होती. ज्याचे काम सदोष आढळे, त्याची चार लोकांत अत्यंत कठोर, कधी अर्वाच्य भाषेत संभावना होई. आणि ती करणाऱ्यांत स्वतः टोरवाल्ड्स अग्रभागी असत. २०१३ मध्ये एका सहकाऱ्याने यावर जाहीर हरकत घेतली. टोरवाल्ड्स यांचे उत्तर असे होते की, खोटी सौजन्यशीलता आणि पाठीमागून वार करणारे कचेरीतले राजकारण यांपेक्षा तोंडावरचा राग बरा. २०१५ मध्ये त्या सहकाऱ्याने ते काम सोडून दिले. पुढे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही काळ रजा घेतली, आणि त्या समूहाने लेखी आचारसंहिता स्वीकारली.

टोरवाल्ड्स यांचा २०१३ चा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. मोठ्या कंपन्यांत माणसाला कामावरून कमी केल्याचे पत्र अतिशय गोड इंग्रजीत लिहिलेले असते, हे हिंजवडीत नोकरी करणारा कोणताही तरुण सांगेल. गोडवा म्हणजे सभ्यता नव्हे. तरीही त्या युक्तिवादात एक चूक आहे, आणि ती हिशेबाची चूक आहे. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर ज्यांच्या छातीत जातो, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला जात नाही. अर्थशास्त्र त्याला बाह्य खर्च म्हणते. अपमानाचा खर्चही तसाच आहे. शिवीगाळीने कामाचा दर्जा टिकतो असे म्हणणारा, मागे राहिलेल्यांचे काम मोजतो. जे निघून गेले, त्यांनी जे लिहिले असते आणि आता कधीच लिहिणार नाहीत, त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

आणि निघून जातो तो कोण? ज्याच्या गाठीशी आधीपासून प्रतिष्ठा आहे, तो दोन शिव्या खाऊन टिकतो. जिच्याकडे खोलीत शिरताक्षणीच शंकेने पाहिले गेले ती स्त्री, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला आणि प्रत्येक इंग्रजी वाक्य मनात दोनदा जुळवून मगच बोलणारा मुलगा, घरातला पहिलाच पदवीधर असलेला दलित तरुण, यांच्यापाशी अशी शिल्लक नसते. अपमान सर्वांना सारखाच वाटला, तरी त्याचा भार सारखा पडत नाही. म्हणून उद्धटपणा हा केवळ स्वभावदोष राहत नाही. प्रवेशद्वारावरची ती जकात ठरते, आणि ती गरिबाकडून अधिक दराने वसूल होते.

सामायिक मालमत्तेचा अभ्यास करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, जंगले, पाटाचे पाणी आणि मासेमारीची ठिकाणे यांचे दाखले तपासून दाखविले की, सामायिक वस्तू नष्टच होते असा काही निसर्गनियम नाही. जेथे नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असतात, तंटा मिटविण्याची जागा जवळ व स्वस्त असते आणि चुकीची शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते, तेथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पाटाच्या पाण्याला जे लागू आहे, ते ज्ञानालाही लागू आहे. या दृष्टीने सभ्यता ही सामायिक उत्पादनाच्या व्यवस्थेचाच भाग आहे.

येथवर कोणाचा फारसा मतभेद होणार नाही. खरी अडचण पुढे आहे. सभ्यतेचे नाव घेऊनही माणसाचे तोंड बंद करता येते, आणि संगणकाच्या जगात ते झालेले आहे.

२०२० च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को या कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला. भारतातून गेलेल्या एका दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून भेदभावाची वागणूक दिली, अशी ती तक्रार होती. कंपनीने आरोप नाकारले. दोघा वरिष्ठांवरील दावा राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरील दावा मात्र घेतला नाही. निकालाची वाट न पाहताही एक गोष्ट मान्य करावी लागते: जात समुद्र ओलांडून यंत्राच्या खोलीत पोहोचली काय, हा प्रश्न प्रथमच एका सरकारने न्यायालयात विचारला.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०२२ च्या एप्रिलमध्ये, गूगल कंपनीत दलित इतिहास मासानिमित्त थेनमोळी सौंदरराजन यांचे भाषण ठरले होते. ते बोलाविणाऱ्या अधिकारी तनुजा गुप्ता होत्या. काही कर्मचाऱ्यांनी वक्त्या हिंदुद्वेष्ट्या असल्याचा आक्षेप घेतला आणि भाषण रद्द झाले. कंपनीचे म्हणणे असे की, या नियोजित भाषणामुळे लोक एकत्र येण्याऐवजी दुफळी आणि कटुता माजत होती. तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. येथे कोणी शिवी दिली नव्हती. शांतता, सलोखा, कोणाचे मन दुखवू नये, हे सगळे सभ्य शब्द वापरले गेले. आणि त्या शब्दांच्या आड जातीवर बोलू इच्छिणारी स्त्री सभागृहाबाहेर राहिली.

महाराष्ट्राला या प्रसंगाची ओळख पटायला वेळ लागू नये. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषणाचा मसुदा पाहिल्यावर त्यातील विचार पेलवणार नाहीत म्हणून परिषदच होऊ दिली नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. यापुढे जे घडले, ते सभ्यतेचा विचार करणाऱ्याने विसरू नये. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्या भाषणाचा प्रतिवाद केला, पण त्याच लेखात, श्रोत्यांना या विचारांपासून वंचित ठेवण्यात स्वागत समितीची चूक झाली, असेही बजावले. पुस्तकाची किंमत आठ आणे होती. ती दोन आणे, निदान चार आणे तरी करावी, अशी सूचना केली. ज्या पुस्तकाचे आपण खंडन करीत आहोत, ते अधिक लोकांच्या हाती पडावे, असा त्या सूचनेचा अर्थ होता. आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख समाविष्ट करून त्यांपुढे आपले उत्तर छापले. ते उत्तर मुळीच मवाळ नाही. त्याची धार आजही जाणवते. पण प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापासून लपवून दिलेले ते उत्तर नव्हते.

सभ्यतेची कसोटी येथे सापडते. भाषेतील धार कमी करणे ही ती कसोटी नव्हे. प्रतिपक्षाला बोलण्याची जागा असणे, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडले जाणे, आणि टीका त्याच्या विचारावर किंवा कामावर होणे, जन्मावर आणि हेतूवर न होणे, ही ती कसोटी. या कसोटीवर जुना लिनक्स आणि २०२२ मधले गूगल हे दोघेही अनुत्तीर्ण होतात. एक आरडाओरडा करून, दुसरे कुजबुजून.

पुण्याने दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी आपला इतिहासही आठवावा. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला तो याच शहरात. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली तीही येथेच. विचाराला विचाराने उत्तर देता येत नसले की माणसाची विटंबना करायची, ही सवय संगणकाबरोबर आलेली नाही. संगणकाने तिला वेग दिला आणि गर्दी पुरविली, इतकेच.

आता हा प्रश्न चळवळीच्या घरात आणला पाहिजे. यंत्राविषयी समाजवाद्यांत एकमत कधीच नव्हते. गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रावर कठोर प्रहार केला. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये त्याच्या उलट मांडले की, यंत्राखेरीज श्रमणाऱ्या माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीखेरीज संस्कृती नाही. रवींद्रनाथांनी चरख्यावर टीका केली, तिला गांधीजींनी आदराने, पण आपले मत न सोडता उत्तर दिले. १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या शांतिनिकेतनच्या तरुण विद्यार्थ्याने गांधीजींना सरळच विचारले, आपला सर्व यंत्रांना विरोध आहे काय? त्याला कोणी गप्प केले नाही. त्या प्रश्नातूनच, विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे आणि शिवणयंत्र त्याला अपवाद आहे, हा अधिक नेमका खुलासा पुढे आला. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने एका मोठ्या माणसाचा विचार अधिक स्पष्ट झाला, कारण प्रश्न विचारण्याची मोकळीक होती.

आज कार्यकर्त्यांच्या बैठकीत ती मोकळीक उरली आहे काय? कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी चर्चा निघाली आणि एखादा अभियंता तिच्या उपयोगाबद्दल दोन शब्द बोलला, तर त्याला कंपनीचा दलाल ठरवायला वेळ लागत नाही. उलट अभियंत्यांच्या बैठकीत कामगाराच्या भाकरीचा प्रश्न काढणारा माणूस मागासलेला आणि अडाणी ठरतो. दोन्हीकडे हेतूवर संशय घेतला जातो आणि मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. या भांडणाचा लाभ कोणाला होतो, हे सांगायला नको. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातील ‘नाईट्स’ या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. ज्या अभियंत्याला काल दलाल म्हटले, तोच उद्या संघटनेच्या दारात उभा असेल. दार ठोठावण्याची हिंमत त्याला व्हावी, असे वर्तन काल झाले होते काय?

बँकांच्या यंत्रीकरणाचा अनुभव येथे उपयोगी आहे. त्या काळी कर्मचारी संघटनांना प्रगतीच्या शत्रू म्हणून हिणवले गेले. प्रत्यक्षात १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि संघटना टेबलापाशी बसले, आणि कोणती यंत्रे, कोणत्या कामासाठी, किती मर्यादेपर्यंत, याचा लेखी करार झाला. १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि संगणक पुढे वाढतच गेले. संघटनांना सर्व काही मिळाले असे नाही. पण यंत्र कसे यावे हे ठरविताना, त्या यंत्रावर काम करणाऱ्यांना बोलण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट कागदावर आली. तंत्रज्ञानाविषयीची सभ्यता अखेर अशाच करारात उतरावी लागते. ती नुसत्या गोड स्वभावावर सोडता येत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी स्वतःसाठी काही साधे नियम करावेत. विरोधकाचे म्हणणे आधी असे मांडावे की ते ऐकून त्यानेच मान डोलवावी. मग त्याचे खंडन हवे तितके कठोर करावे. तांत्रिक शब्द न कळणाऱ्याला तो समजावून सांगणे हे जाणकाराचे कर्तव्य मानावे, उपकार नव्हे. अपमान झाला अशी तक्रार आली, तर ती ऐकणारी व्यक्ती आणि तिची पद्धत आधीच ठरलेली असावी. जातीचा, लिंगाचा किंवा मजुरीचा प्रश्न कटू वाटतो म्हणून विषयपत्रिकेतून काढू नये. आणि बैठक संपल्यावर कोण काय बोलले याबरोबरच, कोण बोलले नाही आणि कोण यायचे थांबले, याचीही नोंद ठेवावी.

हिंजवडीहून सुटीच्या दिवशी दोन बस बदलून एखादी तरुणी बैठकीला येते, एक अवघड प्रश्न विचारते आणि तिच्याशी कोणाचेच मत जुळत नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली की नाही, एवढे तरी प्रत्येक शाखेने पाहावे.